शिडीच्या दांड्यातल्या मुंग्या

मुलांनो, आमच्या शाळेत सोमवारचा पहिला तास मी मोकळा ठेवते. सुट्टीत कोणी काय पाहिलं, कोणाला कसला प्रश्न पडला, ते त्या तासाला सांगायचं. बहुतेक वेळा कोणाच्या तरी परसात साप निघालेला असतो, नाहीतर म्हैस व्यालेली असते. पण उन्हाळ्याच्या तोंडाला चौथीतल्या एका मुलानं जे सांगितलं, त्यानं तो तासच काय, आमचा पुढचा अख्खा आठवडा खाऊन टाकला.

"बाई, आमच्या बंगल्यातल्या पूलच्या शिडीत मुंग्या आहेत."

सगळा वर्ग हसला. तो मात्र गंभीर. म्हणाला, "चालणाऱ्या नाही हो बाई. दांडा धरला की हातात येतात त्या."

आता 'आमचा बंगला' म्हणजे काय ते सांगते. आमचं गाव रायगड जिल्ह्यात, कर्जतच्या बाजूला. मुंबईच्या लोकांनी इथं फार्महाउसं बांधली आहेत आणि त्यातल्या काहींमध्ये पोहायचे तलावही आहेत. या मुलाचे बाबा अशाच एका बंगल्याचे राखणदार. मालक शनिवार-रविवारी येतात. एरवी पाण्यावर पडलेली पानं जाळीनं काढायचं काम बापलेक करतात आणि काम झालं की लेक हळूच एक डुबकीही मारून घेतो. (हे त्यानं मला सांगितलं, मालकांना नव्हे!)

मी त्याला विचारलं, "मुंग्या नक्की कधी येतात?" तर पठ्ठ्यानं एखाद्या शास्त्रज्ञासारखं सगळं टिपून ठेवलेलं. पाण्यात असताना शिडी धरली तर जवळजवळ काहीच होत नाही. बाहेर ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून दांडा धरला की हात झिणझिणतो. पायात रबरी चप्पल असेल तर नाही. दुपारी कमी, संध्याकाळी दिवे लागले की जास्त. आणि सगळ्यांत चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे, "बाबांनी बंगल्याचा मेनस्विच बंद करून पाहिला, तरी येतातच!"

खरं सांगते, माझ्या पोटात गोळा आला. शाळा सुटल्यावर त्याच्याबरोबर बंगल्यावर गेले. त्याचे बाबा म्हणाले, "बाई, तुम्ही उगाच घाबरता. चप्पल घातली की काही लागत नाही." मी म्हटलं, "दादा, उद्या चप्पल घरी राहिली तर? वायरमन येऊन बघेपर्यंत पोरानं तलावाच्या जवळपाससुद्धा जायचं नाही, आणि तुम्हीही नाही." मी पडले डी.एड. झालेली मास्तरीण. वीज मला पाचवी-सातवीच्या पुस्तकापुरतीच कळते. म्हणून बाजारपेठेत ज्यांचं दुकान आहे त्या वायरमनकाकांना गाठलं. चाळीस वर्षं विजेशी खेळलेला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मलाच विचारलं, "बाई, तारेवर कोतवाल बसतो तो मरत का नाही?"

तुम्ही सांगा बरं! काळा, दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल उघड्या तारेवर तासन् तास बसून किडे टिपतो. तारेत वीज असते, कोतवालाच्या पायात काही रबरी चप्पल नसते. मग?

त्याचं कारण असं, की त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. डाव्या पायाशी विजेचा जेवढा दाब, तेवढाच उजव्या पायाशी. दोन ठिकाणच्या दाबात फरक असेल तरच वीज एकीकडून दुसरीकडे वाहते. फरक नाही, तर वाहणं नाही. वटवाघूळ बिचारं मरतं, कारण त्याचे पंख लांब. एक पंख एका तारेला लागतो, दुसरा दुसरीला. त्या दोन तारांच्या दाबात फरक असतो आणि वटवाघूळ मधला पूल होऊन बसतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही एक प्रयोग केला. तुम्हीही घरी करा, यात वीज अजिबात नाही. दोन सारख्या रिकाम्या बाटल्या घ्या. बुडाजवळ भोकं पाडून (मोठ्या माणसाकडून पाडून घ्या) त्यात सलाइनची नळी बसवा आणि मेणानं सांधे बुजवा. पाणी भरा. एक बाटली वर उचलली की पाणी नळीतून खालच्या बाटलीकडे धावतं. दोन्ही बाटल्या जमिनीवर ठेवल्या, की पाणी सारख्या पातळीला येऊन थांबतं. आता दोन्ही उचलून टेबलावर ठेवा. तरीही थांबलेलंच! टेबलाच्या उंचीशी नळीला काही देणंघेणं नाही. दोन बाटल्यांच्या पातळीत फरक आहे की नाही, एवढंच तिला कळतं.

आमचा राखणदाराचा मुलगा ओरडला, "बाई, म्हणजे शिडी एक बाटली, फरशी दुसरी बाटली आणि मी नळी!"

बघा, मला जे समजायला अख्खी रात्र लागली ते त्याला दोन मिनिटांत समजलं.

पण मेनस्विच बंद असताना शिडीत दाब आला कुठून? त्यासाठी आपल्या घरात येणाऱ्या तारा पाहायला हव्यात. एक असते फेज. तिच्यात २३० व्होल्टचा दाब असतो. दुसरी न्यूट्रल. दिव्यातून, पंख्यातून काम करून वीज या न्यूट्रलच्या वाटेनं ट्रान्सफॉर्मरकडे परत जाते. तिसरी अर्थिंगची तार, ती जमिनीत पुरलेल्या पट्टीला जोडलेली असते. मिक्सरच्या किंवा पंपाच्या धातूच्या अंगात चुकून वीज उतरली तर तिला जमिनीकडे पळायला वाट मिळावी आणि फ्यूज उडावा, यासाठी ही तिसरी तार.

न्यूट्रल म्हणजे शून्य दाब, असं आपण शिकतो. कागदावर ते बरोबर आहे. पण जत्रा सुटल्यावरची गर्दी आठवा. बाहेर पडायचं फाटक रुंद असेल तर माणसं भराभर निघून जातात. फाटक अरुंद असेल, तर आतल्या बाजूला रेटारेटी सुरू होते. न्यूट्रलचा सांधा कुठं सैल झाला, गंजला, की तसंच होतं. परतणाऱ्या विजेची रेटारेटी होते आणि शून्य दाबाच्या तारेवर चार, सहा, दहा व्होल्ट चढतात. खांबावरून येणारी न्यूट्रल आजूबाजूच्या सगळ्या घरांची मिळून एकच असते. त्यामुळे तुमच्या घरातला मेनस्विच बंद असला तरी शेजाऱ्यांचे दिवे आणि पंप चालू असतात आणि दाब चढायचा तो चढतोच. संध्याकाळी घरोघर दिवे लागले की जत्रा जास्त मोठी! इंग्रजीत याला 'स्ट्रे व्होल्टेज' म्हणतात. स्ट्रे म्हणजे भटका, मोकाट. मोकाट गुरांसारखा वाट चुकून भलत्याच जागी शिरलेला विजेचा दाब.

तो न्यूट्रलवर होता, मग शिडीत कसा शिरला? वायरमनकाकांनी मीटरची पेटी उघडली आणि कपाळावर हात मारला. पूर्वी कोणीतरी अर्थिंगचा खड्डा खणायचा कंटाळा केला होता आणि अर्थिंगची तार सरळ न्यूट्रललाच बांधून टाकली होती. तीही मेनस्विचच्या अलीकडे! पुढे ती तार पंपाच्या अंगाला गेलेली. आणि कोणा सज्जनानं, 'सुरक्षित राहील' म्हणून, पंपापासून एक तार नेऊन शिडीलाही जोडलेली. झालं! खांबावरचा मोकाट दाब मीटरमध्ये, मीटरमधून पंपावर आणि पंपावरून शिडीत. फरशी मात्र जमिनीवर, जमिनीच्या दाबाला. मीटर लावून पाहिलं तर शिडी आणि ओली फरशी यांच्यात सहा व्होल्ट.

सहा व्होल्ट म्हणजे किती? टॉर्चमध्ये चार सेल घालतो ना, तेवढेच. मग घाबरायचं कशाला, असं बंगल्याचे मालकही म्हणाले. ते शनिवारी आले होते. "इतकी वर्षं काही झालं नाही," हे त्यांचं दुसरं वाक्य. (मोठ्या माणसांचं हे वाक्य ऐकलं की मला पायरी नसलेल्या जिन्याची आठवण होते.)

इथं थोडं गणित करू. कोरडी कातडी विजेला चांगलीच अडवते. पण ओल्या अंगाचा, अनवाणी पायाचा विरोध साधारण हजार ओहम इतका खाली येतो. सहाला हजारानं भागा. ०.००६ अँपिअर, म्हणजे सहा मिलिअँपिअर. एक मिलिअँपिअरच्या आसपास माणसाला मुंग्या जाणवू लागतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डालझील नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून पाहिलं, की किती प्रवाहापर्यंत माणूस धरलेली तार स्वतःहून सोडू शकतो. पुरुषांची सरासरी निघाली साधारण १६ मिलिअँपिअर, स्त्रियांची साधारण साडेदहा. त्यापुढे हाताचे स्नायू आवळतात, 'सोड' म्हटलं तरी हात ऐकत नाही. आता विचार करा, जमिनीवर हात आवळला तर माणूस निदान ओरडतो तरी. पाण्यात हातपाय आवळले तर? पोहता येणारा माणूससुद्धा मुकाट्यानं खाली जातो, आणि काठावरच्यांना वाटतं हा डुबकी मारतोय.

आणि हे झालं सहा व्होल्टचं. तो सैल सांधा एखाद्या वादळात पूर्ण तुटला असता तर? परत जायची वाटच बंद. मग तीच वीज अर्थिंगच्या तारेतून शिडीवर येणार, आणि तिथला दाब २३० व्होल्टच्या जवळसुद्धा जाऊ शकतो. २३० भागिले हजार. हा भागाकार मालकांनी स्वतः केला आणि गप्प बसले.

मग उपाय काय केला? वीज कंपनीच्या लाइनमनला बोलावून खांबावरचा सांधा घट्ट करून घेतला. मीटरपेटीतली ती आगाऊ जोडणी काढली. बंगल्यासाठी स्वतंत्र अर्थिंगचे दोन खड्डे केले. पण काका म्हणाले, "एवढ्यानं भागत नाही. अर्थिंग म्हणजे जमिनीशी नातं. मला इथं शेजाऱ्यांचं एकमेकांशी नातं जोडायचंय." याला बाँडिंग म्हणतात. तलावापाशी हाताला किंवा पायाला लागू शकेल असा जेवढा म्हणून धातू आहे, तो सगळा तांब्याच्या जाड तारेनं एकमेकांशी बांधून टाकायचा. शिडी, कठड्याचा दांडा, पाण्यातल्या दिव्याचं धातूचं घर, पंपाचं अंग, सगळं. अमेरिकेतल्या वीज नियमांत या तारेची जाडीही ठरवून दिलेली आहे, सुमारे सव्वातीन मिलिमीटर, एकसंध तांबं. आपल्या पेन्सिलीच्या निम्म्याहून थोडी कमी म्हणा ना.

गंमत पुढेच आहे. नुसता धातू बांधून चालत नाही. भिंतींच्या काँक्रीटमध्ये सळया असतात आणि ओलं काँक्रीट वीज वाहून नेतं. म्हणून दोन-चार जागी काँक्रीट फोडून त्या सळयांनाही तार जोडली. पाणी तर वीज नेतंच, शिडी त्यात बुडालेली असल्यामुळे तेही या कुटुंबात आलं. राहिली ती फरशी. आमच्या पोराचे पाय तर तिथंच असायचे! म्हणून तलावाच्या चारी बाजूंची फरशी उचकटून, काठापासून दीड-दोन फुटांवर, मातीत उघड्या तांब्याच्या तारेचं कडं पुरलं आणि तेही बाकीच्यांना जोडलं. आता शिडी, पाणी, भिंत, पायाखालची जमीन, सगळ्यांचा दाब एक. पुन्हा कधी बाहेरून मोकाट दाब आला तरी सगळे एकदम वर जाणार, एकदम खाली येणार. दोन्ही बाटल्या टेबलावर! आणि तलावातला पोरगा म्हणजे तारेवरचा कोतवाल.

पूर्वीच्या त्या सज्जनानं शिडीला तार जोडली ती चांगल्या मनानंच. पण त्यानं एकच बाटली टेबलावर चढवली आणि दुसरी खालीच ठेवली. अर्धवट सुरक्षितता कधी कधी नसलेल्या सुरक्षिततेपेक्षा वाईट, ती अशी.

काकांनी बोर्डावर आरसीसीबीही बसवली. हिलाच पुष्कळजण ईएलसीबी म्हणतात. ही एक चोख हिशेबनीस आहे. फेजमधून किती वीज गेली आणि न्यूट्रलमधून किती परत आली, याचा ती सारखा ताळा करते. घरात बसवतात त्या आरसीसीबीत साधारण ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की वीज कुणाच्या तरी अंगातून नाहीतर भिंतीतून गळतेय असं समजून क्षणात स्विच पाडते. अशा यंत्राची एक जुनी आवृत्ती त्याच डालझील सरांनी १९६१ मध्ये तयार केली, आणि १९६८ पासून अमेरिकेच्या नियमांत ते यंत्र तलावातल्या दिव्यांसाठी आलं. पण लक्षात घ्या, आमच्या शिडीतल्या मुंग्या या हिशेबनिसाला कधीच दिसल्या नसत्या, कारण ती वीज तिच्या वाटेनं जातच नव्हती. मागच्या दारानं येत होती. म्हणून आरसीसीबीही हवी आणि बाँडिंगही हवं.

तुम्ही म्हणाल, बाई, आमच्याकडे कुठला आलाय पोहायचा तलाव! अहो, पण न्हाणीघर आहे ना? ओली फरशी, अनवाणी पाय, लोखंडी नळ, वर गिझर. हा छोटा तलावच झाला. गिझर चालू असताना नळाला हात लावला आणि झिणझिणलं, तर 'थोडंसंच आहे' म्हणून पुन्हा लावून बघू नका. लगेच बाहेर या आणि घरच्यांना सांगा. वॉशिंग मशीन, फ्रीज, विदर्भातल्या मित्रांचा कूलर, या सगळ्यांनाही हेच लागू. कूलरमध्ये पाणी भरताना आधी प्लग काढायचा. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन तोडून तो दोन भोकांत बसवणारे मामा-काका दिसले तर त्यांना हा अंक वाचायला द्या. ती मोठी पिन अर्थिंगची असते, आणि मुद्दाम लांब ठेवलेली असते, म्हणजे ती सर्वांत आधी जोडली जाते आणि सर्वांत शेवटी सुटते. आणि कपडे वाळत घालायला लोखंडी तार बांधली असेल, तर ती काढून नायलॉनची दोरी बांधायचा हट्ट धरा. विजेच्या वायरला घासून अशा तारेत वीज उतरते आणि ओले कपडे घेऊन आई तिथंच जाते.

पालकांसाठी एक काम. घरात आरसीसीबी असेल तर तिच्यावर एक छोटं 'टेस्ट'चं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबून पाहा. स्विच पडला पाहिजे. नाही पडला तर वायरमनला बोलवा.

आणि पाण्यात कोणी विजेनं अडकलेला दिसला तर? मागोमाग उडी मारायची नाही. हे फार कठीण आहे, मला ठाऊक आहे, भाऊ असेल तर पाय आपोआप धावतात. पण मग एकाच्या जागी दोघं जातात. आरडाओरडा करून मोठ्यांना बोलवायचं, मेनस्विच बंद करायला लावायचा, आणि कोरडा बांबू किंवा प्लास्टिकची ट्यूब त्याच्याकडे सरकवायची. स्विच बंद झाला तरी पाण्यात उतरायचं नाही. का, ते आमच्या शिडीनं सांगितलंच आहे.

पावसाळ्यात खांबाजवळ गुरं दगावल्याच्या बातम्या येतात, तोही याच कुळातला प्रकार. तार तुटून जमिनीवर पडली की तिच्याजवळच्या जमिनीत दाब जास्त, लांब गेलं की कमी. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत केवढं अंतर! तेवढ्या अंतरात दाबाचा फरक पडतो आणि मध्ये त्याचं काळीज. माणसाची ढांग लहान, म्हणून आपण थोडे नशीबवान. अशा जागी चुकून सापडलात तर पळू नका. दोन्ही पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, इंच इंच सरकत लांब जा.

फरशी पुन्हा बसवल्यावर काकांनी आमच्या सगळ्या वर्गाला बंगल्यावर बोलावलं. शिडी आणि ओली फरशी यांच्यात मीटर लावून दाखवला. आकडा जवळजवळ शून्य. पोरांनी टाळ्या वाजवल्या. राखणदारदादा मला म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणालात म्हणून ऐकलं, नाहीतर मी चपलेवरच भागवलं असतं."

आमचा शास्त्रज्ञ मात्र टाळ्या वाजवत नव्हता. तो कुंपणाच्या लोखंडी फाटकाकडे बघत होता. म्हणाला, "काका, तारेचं कडं इथपर्यंतच आहे. मग एक हात शिडीला आणि एक हात फाटकाला लागला तर?"

काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "हात पुरतो का तुझा तिथवर? मोजून ये."

तो मोजायला धावला. मोठमोठी पावलं टाकत चौतीस पावलं भरली.